नॉकमनीची कथा : महाकायाची फसगत आणि बालशिक्षण

उत्तर आयर्लंडमधील टायरोन परगण्यात ऑगर या गावाजवळ नॉकमनी नावाची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर नवाश्मयुगीन थडगे असून त्याच्या शिळांवर वर्तुळे व नागमोडी रेषा कोरलेल्या आढळतात. परिसरातील लोककल्पनेने या माथ्यावर एक संसार वसविला : फिन मॅक्कूल हा महाकाय पुरुष आणि त्याची पत्नी ऊना यांचा. याच मुलखात जन्मलेला कथाकार विल्यम कार्लटन (१७९४–१८६९) याने या दांपत्याची कथा विनोदी ढंगाने लिहून काढली. डब्ल्यू. बी. येट्स याने १८८८ साली संपादिलेल्या आयरिश लोककथांच्या संग्रहात तिचा समावेश केला, आणि जोसेफ जेकब्ज याने १८९२ च्या आपल्या केल्टिक कथासंग्रहात ती मुलांसाठी घेतली. १९८१ साली टोमी डी पाओला या अमेरिकन चित्रकाराने तिचे चित्रपुस्तक केले.

महाकायाला युक्तीने हरविणाऱ्या कथा अनेक देशांत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत लहानखुरा नायक मोठ्या शत्रूला फसवितो. या कथेची मांडणी थोडी निराळी आहे. येथे फसणारा महाकाय आहे आणि वाचणाराही महाकायच आहे; युक्ती मात्र घरातल्या बाईची आहे. लहान मुलांना ही कथा कशासाठी सांगावी, कोणत्या वयात सांगावी आणि सांगताना काय टाळावे, या प्रश्नांची उत्तरे तिच्या रचनेतच शोधावी लागतात.

कथा अशी. फिन आपल्या भाईबंदांसह समुद्रकाठी स्कॉटलंडपर्यंत जाणारा दगडी सेतू बांधीत असता, कुकलिन नावाचा दुसरा महाकाय त्याच्याशी बळ अजमावण्यास येत असल्याची वार्ता त्याच्या कानी पडते. कुकलिनने पाय आपटला म्हणजे भोवतालची भूमी हादरते. एकदा त्याने वीज मुठीने ठोकून तिची चपटी पोळी केली, आणि ती पोळी तो खिशात बाळगतो. ही वार्ता ऐकताच फिनला एकाएकी पत्नीप्रेमाचे भरते येते व तो घराची वाट धरतो. अंगठा तोंडात घातला म्हणजे पुढचे कळावे, अशी त्याला सिद्धी आहे. कुकलिन येणार हे अंगठा सांगतो, पण वाचावे कसे हे सांगत नाही. ते काम ऊना हाती घेते.

ऊना शेजारीपाजारी हिंडून एकवीस लोखंडी तवे मागून आणते आणि एकवीस जाड भाकऱ्यांच्या पोटात एकेक तवा घालून त्या भाजते. मोठे भांडेभर दूध नासवून त्याचा गोळा तयार ठेवते. मग फिनला तान्ह्या बाळाचा वेष चढवून पाळण्यात निजविते. कुकलिन येतो तेव्हा ती सांगते, की घरधनी त्यालाच शोधायला बाहेर पडले आहेत. दारातून वारा फार येतो. घरधनी असते तर त्यांनी घर फिरवून ठेवले असते, असे ती सहज बोलावे तसे बोलते. कुकलिन उजव्या हाताचे मधले बोट तीनदा मोडतो आणि घर उचलून फिरवितो! पाणी नाही म्हणताच तो डोंगराचा खडकही चिरतो. येथवर ऊनाचे काही चाललेले दिसत नाही. उलट पाहुण्याचे बळ ऐकले होते त्याहून अधिक असल्याचेच सिद्ध होते. मग ती भाकरी पुढे करते. कुकलिनचे दात पडतात. ‘हीच भाकरी आमचे बाळ खाते,’ असे सांगून ती पाळण्यातल्या बाळाला तव्यावाचूनची भाकरी देते. पुढे दगड पिळून पाणी काढण्याची पैज लागते. कुकलिन पिळपिळ पिळतो, दगड कोरडाच राहतो. बाळाच्या हाती ऊनाने गुपचूप नासक्या दुधाचा गोळा दिलेला असतो, त्यातून निवळीचे पाणी ठिबकू लागते. चकित झालेला कुकलिन बाळाचे दात चाचपण्यासाठी तोंडात बोट घालतो. त्याचे सारे बळ त्या मधल्या बोटात असते. फिन ते तोडतो.

दगड पिळण्याची पैज ही आयर्लंडची खास मालमत्ता नव्हे. ग्रिमबंधूंच्या शूर शिंप्याच्या कथेत शिंपी चीज पिळून महाकायाला असाच बनवितो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रसंगाला १०६० हा स्वतंत्र क्रमांक आहे. नॉकमनीच्या कथेचे वैशिष्ट्य पाळण्यात आहे. बाळ म्हणून निजलेला अगडबंब बाप हे दृश्य लहान मुलाला हसविते. ज्याला दिवसातून दहादा ‘तू अजून लहान आहेस’ असे ऐकावे लागते, त्याच्यासमोर घरातला सर्वांत मोठा माणूस लहान होण्याची धडपड करतो. दुपटे पुरत नाही, पाय पाळण्याबाहेर येतात. ब्रुनो बेटलहाइम याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात महाकाय म्हणजे मुलाच्या दृष्टीने प्रौढ माणसेच, असे प्रतिपादिले. त्याच्या मनोविश्लेषणात्मक निष्कर्षांना प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार अपुरा आहे, हा आक्षेप योग्यच आहे. तथापि एवढ्यापुरते त्याचे म्हणणे मान्य करण्यास हरकत नसावी. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाळण्याचे महत्त्व हसण्यापुरतेच नाही.

पाळण्यात कोण आहे हे ऐकणाऱ्या मुलाला ठाऊक असते. कुकलिनला ठाऊक नसते. सारी गंमत या भेदावर उभी आहे. ती कळण्यासाठी मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी मनात धराव्या लागतात : वस्तुस्थिती एक, आणि कुकलिनच्या मनातील समजूत दुसरी. शिवाय ही दुसरी समजूत खोटी असूनही कुकलिन तिच्याप्रमाणेच वागणार, हेही ओळखावे लागते. प्रौढाला हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही शिकण्यासारखे आहे असे त्याला वाटतही नाही. लहान मुलाला ते आपोआप येत नाही.

या विषयावरील मूलगामी प्रयोग हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यातील गोष्ट साधी आहे. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या पाठीमागे आई ते दुसऱ्या कपाटात हलविते. परत आल्यावर तो ते कोठे शोधील? तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी एकानेही बरोबर उत्तर दिले नाही. चॉकलेट जेथे खरोखर होते तेच कपाट त्यांनी दाखविले. चार ते सहा वर्षांच्या गटात ५७ टक्के, तर सहा ते नऊ वर्षांच्या गटात ८६ टक्के मुलांचे उत्तर बरोबर आले. पुढे २००५ साली ओनिशी आणि बायर्जाँ यांनी पंधरा महिन्यांच्या बालकांच्या नजरेचा अभ्यास करून या समजेची बीजे फार लवकर असतात असे सुचविले, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु नजर रेंगाळणे वेगळे आणि प्रश्नाचे उत्तर शब्दांत देणे वेगळे. वर्गात गोष्ट सांगणाऱ्या शिक्षिकेचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी येतो.

यावरून वयाचा प्रश्न बराचसा सुटतो. तीन वर्षांच्या मुलाला नॉकमनीची कथा सांगितली तर त्याच्यापर्यंत पोचते ती भूमी हादरविणारी पावले. ऊनाची युक्ती पोचत नाही. भय तेवढे शिल्लक राहते आणि त्यावरचा उतारा त्याच्या हाती लागत नाही. सुमारे साडेचार वर्षांनंतर मात्र तीच पावले हवीहवीशी वाटू लागतात, कारण पाहुणा फसणार हे मुलाला आधीच कळलेले असते. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीच्या रचनेत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच खोलीत बसतात, ही येथली खरी अडचण आहे. अशा वर्गात कुकलिनचा आवाज हळू ठेवावा, लहानांना जवळ बसवावे, आणि भाकरी व तवा प्रत्यक्ष हातात घेऊन दाखवावा. युक्ती ज्यांच्या ध्यानात येत नाही त्यांना निदान तवा तरी दिसतो.

सांगण्याच्या क्रमाविषयी विशेष दक्षता हवी. कुशल कथाकाराला रहस्य शेवटपर्यंत राखण्याचा मोह होतो. पाळण्यात फिन आहे हे लपवून ठेवावे आणि अखेर एकदम उघड करावे, असे त्याला वाटते. मोठ्यांच्या कथेत हे शोभेल. येथे मात्र त्यामुळे ऐकणारे मूल ऊनाच्या पक्षातून निघून कुकलिनच्या पक्षात जाऊन पडते. तेही फसते, आणि फसलेल्या मुलाला कोण का फसला हे सांगता येत नाही. कार्लटनने सारी पूर्वतयारी आधी दाखविली आहे, ती याच कारणाने अचूक ठरते. तवे मागून आणणे, एकेक भाकरी थापणे, दूध नासविणे, फिनला झबले-टोपडे चढविणे, हे सर्व पाहुणा दारात येण्यापूर्वी सावकाश, मोजून-मापून सांगितले पाहिजे. कथेचा अर्धा वेळ येथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

प्रश्न विचारावयाचे तेही याच अनुरोधाने. ‘यापासून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न या वयात निष्फळ आहे. त्याला मुले शिक्षिकेला हवे असलेले उत्तर देतात. ‘पाळण्यात कोण आहे?’ आणि ‘पाळण्यात कोण आहे असे कुकलिनला वाटते?’ हे दोन प्रश्न लागोपाठ विचारले, म्हणजे मुलाच्या मनात काय चालले आहे ते कळते. दोन्हींना एकच उत्तर आले तर मूल अद्याप त्या टप्प्याला पोचलेले नाही. त्याची चूक काढण्याचे कारण नाही, कथा पुन्हा सांगावी. मराठीत या कामी ‘वाटले’ आणि ‘कळले’ ही दोन क्रियापदे उपयोगी पडतात. ‘त्याला बाळ वाटले’ म्हणताना बाळ नव्हते याची सूचना त्या वाक्यातच डोकावते. ‘त्याला कळले’ म्हणताना ती नाहीशी होते. कथेत या दोहोंची अदलाबदल होऊ देता कामा नये. घाईत सांगणाऱ्याकडून ती हमखास होते.

मराठीत आणताना दुसरी अडचण ‘राक्षस’ या शब्दाची आहे. आपल्या परंपरेतला राक्षस माणसे खातो, मायावी रूपे घेतो आणि स्वभावतःच दुष्ट असतो. बकासुराच्या गोष्टीत गावाने रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठविण्याची पाळी येते, ते ऐकलेल्या मुलाला राक्षस मेला याचे वाईट वाटण्याचा प्रश्न नसतो. आयर्लंडच्या या कथेतील महाकाय केवळ आकाराने मोठे आहेत. त्यांना बायका आहेत, शेजारी आहेत, दाराच्या वाऱ्याचा त्रास आहे. कुकलिन हा मूळचा कू खुलिन, म्हणजे प्राचीन आयरिश वीरकथांतील थोर योद्धा. फिन त्याहून निराळ्या कथाचक्राचा नायक. दोघांना एका झोपडीत आणून हास्यास्पद करणे हा पुढील काळाचा विनोद आहे. फिनला राक्षस म्हटले तर मुलाची सहानुभूती कोणाकडे जावी हेच कळेनासे होते. ‘अगडबंब माणूस’ हा शब्द येथे अधिक सरस. मुलांना तो उच्चारायलाही आवडतो.

मराठी मुलाला अशा कथेची पूर्वतयारी घरीच झालेली असते, हेही ध्यानात घ्यावे. लेकीकडे जाणारी म्हातारी वाघाला आश्वासन देऊन वाट काढते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. भोपळ्यात कोण आहे हे मुलाला माहीत असते, वाघाला नसते. पाळणा आणि भोपळा यांचे कार्य एकच आहे. म्हणून क्रम असा ठेवणे इष्ट, की ओळखीची म्हातारीची गोष्ट आधी यावी आणि नॉकमनीची नंतर.

लहान मुलांना अद्‌भुत कथा सांगाव्यात की नाही, हा वाद भारतातील बालशिक्षणाला नवा नाही. मारिया मॉन्टेसरी यांचा कल या कथांच्या विरुद्ध होता. बालकाची कल्पनाशक्ती वास्तवाच्या अनुभवावर पोसली जावी, प्रौढांनी रचलेल्या अद्‌भुतावर विश्वास ठेवावयास लावून नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची पद्धती स्वीकारून भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका यांनी मात्र गोष्टीला हद्दपार केले नाही. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्ग ताब्यात आणतो तो गोष्टी सांगूनच. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा प्रवाह महाराष्ट्रात आणला व १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभारले. मॉन्टेसरींच्या आक्षेपातील सत्यांश नाकारता येत नाही. मुलाच्या भोळेपणाचा फायदा घेणारी कथा वाईटच. परंतु नॉकमनीच्या कथेत भोळा आहे तो महाकाय. मुलाने कशावर विश्वास ठेवावा अशी तिची मागणी नाही. विश्वास ठेवणाऱ्याचे काय होते ते ती दाखविते.

पालकांकडून येणारा आक्षेप याहून निराळा असतो. ऊना पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत खोटे बोलते. अशा कथेने मुले खोटे बोलावयास शिकणार नाहीत काय? विमर व पेर्नर यांच्याच अभ्यासात असे आढळले, की दुसऱ्याची खोटी समजूत ओळखू शकणारी मुले बहुधा फसविणारे वाक्यही रचू शकतात. म्हणजे दोन्ही क्षमता एकाच वेली वाढतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मूल खोटे बोलू लागते ते कथेमुळे नव्हे, तर दुसऱ्याचे मन आपल्या मनाहून वेगळे आहे हे त्याला उमगू लागते म्हणून. कथा न सांगितल्याने ते थांबत नाही. उलट, नीतिकथांनीही ते सहजी थांबत नाही. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांचे सहकारी यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खोटे बोलल्यामुळे शिक्षा होते असे सांगणाऱ्या पिनोकिओच्या आणि लांडगा आला रे आला या गोष्टींचा मुलांच्या खरेपणावर परिणाम दिसला नाही. खरे बोलल्याबद्दल वडिलांनी गौरव केला, अशी जॉर्ज वॉशिंग्टन व चेरीचे झाड ही गोष्ट ऐकलेली मुले मात्र अधिक प्रमाणात खरे बोलली. धाक दाखविणाऱ्या गोष्टी मुलांना सुधारतात असे मानून त्या सांगत राहणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करावा.

ऊनाच्या असत्याला एक मर्यादाही आहे, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांशी तिच्याविषयी बोलता येते. ती दाराशी आलेल्या बलवानाशी खोटे बोलते. ज्या शेजाऱ्यांकडून तवे आणले त्यांच्याशी नव्हे. ‘ऊनाने शेजारणीला फसविले असते तर?’ एवढा प्रश्न पुरतो. मुलांत दोन पक्ष पडले तर शिक्षिकेने मध्ये पडून निकाल देण्याची घाई करू नये.

शेवटाविषयी मात्र निवड करणे भाग आहे. कार्लटनच्या कथेत बोट तुटल्यावर कुकलिनचे बळ जाते आणि फिन पाळण्यातून उडी मारून त्याला ठार करतो. काहीच अपराध न केलेल्या, केवळ बळ अजमावण्यास आलेल्या माणसाचा हा वध आहे, आणि आतापर्यंत चाललेल्या खेळाच्या सुराशी तो जुळत नाही. याच कथेचे दुसरे रूप अँट्रिम किनाऱ्यावरील ‘जायंट्स कॉजवे’ या ठिकाणाशी निगडित आहे. त्यात प्रतिस्पर्धी स्कॉटलंडचा बेनँडॉनर. बाळच एवढे तर बाप केवढा असेल, या हिशेबाने तो घाबरून पळतो आणि मागोमाग फिन येऊ नये म्हणून सेतू उखडून टाकतो. शिशुवर्गासाठी हाच शेवट पत्करावा. तो सौम्य आहे हे एक कारण. पण त्याहून महत्त्वाचे असे, की येथे महाकाय स्वतःच्या तर्काने हरतो. ‘तो का पळाला?’ याचे उत्तर देताना मुलाला त्याच्या डोक्यात शिरून त्याचा हिशेब मांडावा लागतो. भाकरी व दगड हे दोन्ही प्रसंग या रूपात सुखेनैव घालता येतात.

या शेवटानंतर ‘तो पूल आहे का?’ असा प्रश्न हमखास यावा असाच हा प्रसंग आहे. उत्तर द्यावे : आहे, त्याचे अलीकडचे टोक दिसते. अँट्रिमच्या किनाऱ्यावर बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत, आणि तसेच खांब पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरील गुहेत आहेत. त्या गुहेला फिनचेच नाव आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थंड होऊन आकसताना तडकला, त्यातून हे बहुतांशी षट्कोनी खांब घडले. १९८६ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मुंबईच्या मुलांना याचा पडताळा घेण्यासाठी सागर ओलांडावयास नको : अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच काळ्या उभ्या खांबांची आहे, आणि ती दख्खनच्या लाव्ह्यातून, याहून थोड्या आधीच्या काळात घडली. फिनने सेतू बांधला हे खरे की लाव्हा आकसला हे खरे, असा प्रश्न सहा वर्षांचे मूल विचारील तर तो टाळू नये. वाटणे आणि असणे यांचा जो भेद त्याने पाळण्यापाशी ओळखला, तोच येथे पुन्हा उभा आहे.

उरतो तो अभिनय. शिकागोच्या प्रयोगशाळा-शाळेत दीर्घकाळ बालवर्ग शिकविणाऱ्या व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) मुलांकडून गोष्टी सांगवून घेत, त्या त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवीत आणि मग वर्गात त्या मुलांकडून वठवून घेत. नॉकमनीची कथा या रीतीला फार सोयीची आहे, कारण तिला सामान फारसे लागत नाही : एक तवा, एक ओढणी, पाळण्याऐवजी एक चटई. कुकलिनची भूमिका करणाऱ्या मुलाची कसोटी सर्वांत अवघड. चटईवर कोण आहे हे ठाऊक असून त्याला ते ठाऊक नसल्यासारखे वागावयाचे असते. काही मुले पहिल्या खेपेस हसून फिनचे नाव घेतात आणि खेळ तेथेच मोडतो. त्यांना रागवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुकलिन करावे. ज्या दिवशी ते मूल पाळण्याशी वाकून, चेहरा न हलविता, ‘केवढे हे बाळ!’ असे म्हणते, त्या दिवसाची नोंद शिक्षिकेने आपल्या वहीत अवश्य करावी.